पुढच्या हातासाठी केलेले काम

मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो: दुसऱ्यांनी लिहिलेला आणि दुसऱ्यांच्या नावाने छापला जाणारा मजकूर जन्मभर तपासत बसण्यात समाधान कसले मिळते? या प्रश्नामागे एक समजूत असते. ज्या कामावर आपले नाव असते, ज्याचे फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळते आणि जे करण्याची लहानपणापासून ओढ होती, तेच काम माणसाला अर्थपूर्ण वाटू शकते, अशी ती समजूत. माझ्या कामात यांपैकी एकही गोष्ट नाही. तरीही या कामाने मला जे दिले ते थोडे नाही, आणि ते नेमके कशातून मिळाले याचा मी बराच विचार केला आहे.

आपले काम पुढे ज्याच्या हातात जाणार आहे त्याने त्यावर निर्धास्तपणे विसंबावे इतके ते चोख करायचे, आणि जिथे ते चोख करता आले नाही तिथे तसे स्पष्ट नोंदवून ठेवायचे, म्हणजे तो फसणार नाही. माझ्या मते कामातले टिकाऊ समाधान इथून येते. कौतुक, पद, नाव यांचा आनंद खराच असतो, पण तो लवकर ओसरतो. ध्येयवाक्ये तर भिंतीवरच राहतात. पुढच्या माणसाचा भरवसा मात्र रोजच्या कामात, अगदी कंटाळवाण्या दुपारीसुद्धा, हाताशी असतो.

मी या कामात आवडीने आले नाही. संस्कृत घेऊन एम. ए. झाले होते, घरात पगाराची गरज होती आणि पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाची जागा रिकामी होती, एवढेच त्यामागचे कारण. खिळ्यांची छपाई तेव्हा शेवटच्या टप्प्यात होती. कंपोझिटर केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळी जुळवत, त्या ओळी मांडलेल्या तबकावर, म्हणजे गॅलीवर, शाई फिरवून लांबलचक कागदावर प्रूफ काढत, आणि तो कागद वाळायच्या आत आमच्या टेबलावर येई. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची, अशी पद्धत होती. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा उच्चारून सांगत असे. दिवसभर हे ऐकून सुरुवातीला माझे डोके भणभणत असे, आणि संध्याकाळी घरी जाताना आपण नेमके काय केले याचे उत्तर सापडत नसे.

तिथल्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी मला जे शिकवले ते पुढे माझ्या सगळ्या विचाराचा पाया ठरले. त्यांचा दंडक असा होता, की अर्थासाठी करायचे वाचन निराळे आणि अक्षरांसाठी करायचे वाचन निराळे. आकडे, नावे आणि शीर्षके यांच्यासाठी प्रुफावरून पुन्हा स्वतंत्रपणे फिरायचे, कारण अर्थात रमलेला डोळा चुकीचे अक्षरही बरोबर वाचतो. त्याहून महत्त्वाचा होता त्यांचा रंगांचा नियम. जुळणीत झालेली चूक लाल शाईने दुरुस्त करायची, कारण ती आपल्या अधिकारातली. लेखकाच्या वाक्यात काही खटकले तर मात्र समासात पेन्सिलीने शंका लिहायची आणि मजकुराला हात लावायचा नाही. ‘तुम्हांला बरोबर वाटतं ते बरोबरच असेल असं नाही,’ असे ते सांगत. मला तेव्हा ही निव्वळ शिस्त वाटली होती. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे नुसते वाटते आहे, या दोहोंतली सीमारेषा पुढच्या माणसाला दिसली पाहिजे, ही प्रामाणिकपणाची फार मोठी अट त्या लाल शाईत आणि पेन्सिलीत होती, हे बऱ्याच वर्षांनी उमगले.

मध्यंतरी शेतीविषयक एका पुस्तिकेचे काम माझ्याकडे आले होते. पुस्तिका लहानशी होती, शेतकऱ्यांना विनामूल्य वाटण्यासाठी काढलेली. निंबोळी अर्क घरच्या घरी कसा तयार करावा याची कृती तीत दिली होती: निंबोळ्या वाळवून त्यांचा चुरा करायचा, तो रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी फडक्यातून गाळून घ्यायचा आणि फवारणीपुरते पाणी त्यात मिसळायचे. मजकुरात म्हटले होते, की अर्क पाच टक्क्यांचा असावा. शेजारच्या तक्त्यात मात्र पाच किलो चुऱ्यापुढे पाण्याचे एकूण प्रमाण १० लिटर असे होते. पाच टक्के धरायचे तर पाच किलोला १०० लिटर पाणी हवे. तक्त्यातून एक शून्य गळले होते, आणि ते मूळ प्रतीतच गळले होते. त्यामुळे प्रूफ मूळ प्रतीशी ताडून पाहिले, तर ते तंतोतंत बरोबरच ठरत होते.

ते शून्य मी घातले नाही. समासात लिहिले, ‘मजकुरात ५ टक्के, तक्त्यात १० लिटर, कोणते धरावे?’ लेखक निवृत्त कृषी अधिकारी होते. त्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘शंभरच लिटर, बाई. बरं झालं विचारलंत,’ एवढेच म्हणाले. त्या फोनचा आनंद झाला, पण तो लेखकांनी आभार मानले म्हणून नव्हे. तो तक्ता कोण्या गावात, कोण्या घरात, कोणी तरी बोट ठेवून वाचणार होते. वाचणारा मजकुराची आणि तक्त्याची तुलना करत बसणार नव्हता, कारण छापलेल्या आकड्यावर माणसे विश्वास ठेवतात. उन्हाळ्यात झाडाखाली वाकून वेचलेल्या निंबोळ्या त्याने दहापट खर्ची घातल्या असत्या, नाहीतर तेवढ्याच निंबोळ्यांत सांगितलेल्या क्षेत्राचा जेमतेम दहावा हिस्सा झाला असता. तो माणूस मला कधी भेटणार नाही आणि मी अस्तित्वात आहे हे त्याला कधी कळणारही नाही. तरी त्या दिवशीचे माझे काम त्याच्यासाठी होते, हे मला स्वच्छ दिसत होते, आणि कामाला अर्थ असणे म्हणजे माझ्या लेखी हे दिसणे.

हा विचार मोठ्या प्रमाणावर कसा जगता येतो याचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली आणि १ एप्रिल १९१९ रोजी तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. त्याचा प्रारंभ ज्यांच्या हस्ते झाला त्या रा. गो. भांडारकरांनी तेव्हा वयाची ऐंशी ओलांडली होती. हे काम पूर्ण झालेले आपण पाहणार नाही याबद्दल त्यांच्या मनात शंका असण्याचे कारणच नव्हते. देशभर विखुरलेली महाभारताची हस्तलिखिते मिळवायची, एकमेकांशी ताडायची आणि त्यांच्या आधारे जुन्यात जुना असा जो पाठ हाती लागेल तो सिद्ध करायचा, असे या कामाचे स्वरूप होते. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (तमिळ प्रदेशात संस्कृतसाठी वापरली जाणारी लिपी), मल्याळम अशा नाना लिप्यांतली एकूण १२५९ हस्तलिखिते या आवृत्तीसाठी अभ्यासली गेली. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ ताडून पाहण्याची केंद्रे होती.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले ते समजून घेतले, तेव्हा मला माझ्याच टेबलाची आठवण झाली. त्यासाठी चौकटी आखलेले कागद असत. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक एका घरात एक अक्षर याप्रमाणे लिहिलेला, आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ. हस्तलिखितातले अक्षर वरच्यासारखेच असेल तर ते घर मोकळे सोडायचे, वेगळे असेल तरच तिथे लिहायचे. कल्पना करून पाहा, की दिवसभर बसून एक शास्त्री एका हस्तलिखिताची ओळ तपासतो आहे आणि त्याच्या पुढ्यातली बहुतेक घरे मोकळीच राहत आहेत. मोकळ्या घराचा अर्थ ‘इथे काही केले नाही’ असा होत नाही. ‘इथे मी पाहिले आहे आणि इथे फरक नाही’ असा होतो. एखादे घर न पाहताच मोकळे सोडले असते, तर ते आजतागायत कोणाला कळले नसते. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लिप्या जाणणारे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर हे काम करत होते. महाभारताचे आजचे अभ्यासक ज्या पायावर उभे आहेत तो पाया अशा असंख्य मोकळ्या घरांचा आहे, आणि ती घरे पाहणाऱ्या बहुतेकांची नावे आज सामान्य वाचकाला माहीत नाहीत.

१९२५ पासून या प्रकल्पाचे प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखठणकर. केंब्रिजला गणित शिकलेला आणि पुढे बर्लिनला संस्कृत व्याकरणावर संशोधन केलेला हा माणूस होता. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, त्यांनीच संपादित केलेले आरण्यकपर्व १९४२ मध्ये आले आणि जानेवारी १९४३ मध्ये, मुंबई विद्यापीठात महाभारतावर व्याख्याने चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. अठरांपैकी बहुतेक पर्वे तेव्हा व्हायची होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी सूत्रे घेतली, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी घेतली आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सत्तेचाळीस वर्षे एक काम एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आणि ते मोडले नाही. सुखठणकरांचा पुढचा हात कोणाचा असेल हे त्यांना ठाऊक नव्हते. पण तो हात कोणाचाही असला तरी त्याला काम उचलता यावे, अशी पद्धत त्यांनी आखून ठेवली होती.

त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले, की वर सिद्ध केलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात पाठभेद दिसतात: कोणत्या हस्तलिखितात काय आहे, कोणता श्लोक कुठे नाही, कुठे जास्तीच्या ओळी आहेत. ज्याला संपादकाचा निर्णय पटणार नाही, त्याला तो तिथल्या तिथे खोडून काढता यावा म्हणून हा सगळा पुरावा दिलेला असतो. आणि वरच्या पाठात काही अक्षरांखाली नागमोडी रेघ असते. जिथे संपादकाला पाठाबद्दल पुरेशी खात्री नाही, तिथे ती रेघ. एवढी हस्तलिखिते धुंडाळून, एवढ्या विद्वत्तेच्या बळावर निश्चित केलेल्या पाठाखालीही ‘हे मला नक्की सांगता येत नाही’ असे छापून ठेवायचे, आणि तेही आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामात. सिद्ध झालेला पाठ म्हणजे व्यासांची मूळ रचना, असा दावाही सुखठणकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जिथपर्यंत मागे जाता येते तिथपर्यंतचे हे रूप आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या नागमोडी रेघेइतका आदर मला फार थोड्या गोष्टींबद्दल वाटतो. आमच्या छापखान्यातल्या पेन्सिलीची ती थोरली बहीण आहे.

पुण्यातच येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या एका महाकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार केल्या गेल्या, पहिला खंड निघायला १९७०चे दशक उजाडले, आणि पस्तीस खंड झाल्यानंतरही कोश ‘अ’ या अक्षरातच आहे. हे सांगितले की लोक हसतात. मला ते हसणे आवडत नाही. एका अक्षरात संपूर्ण नोकरी घालवलेल्या माणसाने काय मिळवले असे विचारणाऱ्यांनी, आपण वापरतो त्या कोणत्याही चांगल्या कोशातला एकच शब्द कसा सिद्ध होतो हे एकदा जवळून पाहावे. संथ चालणाऱ्या कामाला मनुष्यबळ आणि पैसा पुरवणे हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण काम संपत नाही म्हणून ते करणाऱ्याचे आयुष्य व्यर्थ गेले, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

या सगळ्याची चर्चा माझ्या भाच्याशी अलीकडे बरीच झाली. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो, म्हणजे एका अर्थाने माझ्याच व्यवसायात आहे. पगार चांगला आहे, वरिष्ठही त्रास देणारे नाहीत, आणि तरी गेले वर्षभर तो म्हणतो आहे, की मावशी, मी काय करतो तेच मला कळत नाही. त्याला येणारे काम एका मोठ्या प्रणालीचा लहानसा तुकडा असते. ती प्रणाली कोण वापरते, कशासाठी वापरते, त्यातली चूक पकडली गेली तर कोणाचे काय वाचते, यातले काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याने यावर कामाच्या ठिकाणी प्रेरणादायी व्याख्याने ऐकली आहेत. ‘आपली आवड ओळखा’ असा सल्लाही त्याला पुष्कळांनी दिला. हा सल्ला मला घातक वाटतो. आवड ही आधी सापडते आणि मग काम येते, असे थोड्या भाग्यवंतांचे होत असेल. बाकीच्यांच्या बाबतीत काम नीट जमू लागले, की त्याच्या पाठोपाठ आवड येते. माझी तशीच आली. आवड सापडत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसलेली कितीतरी हुशार मुले मी पाहते आहे, आणि त्यांच्यात उणीव आहे असे मला वाटत नाही. त्यांच्या कामाचे दुसरे टोक त्यांना कोणी दाखवलेले नाही.

मी त्याला एवढेच सुचवले, की तू तपासतोस ते सॉफ्टवेअर जिथे चालते तिथे एकदा जाऊन बस. रीतसर परवानगी काढून तो एका रुग्णालयाच्या बिलांच्या खिडकीमागे एक सकाळ बसून आला. तिथल्या कारकून बाई प्रत्येक बिलाची बेरीज वहीत पुन्हा हाताने करत होत्या, कारण कधी तरी एकदा संगणकाने सवलत दोनदा वजा केली होती आणि तेव्हापासून त्यांचा त्यावर विश्वास उरला नव्हता. खिडकीबाहेर रांग होती. रुग्णाला घरी न्यायला आलेली माणसे उभी होती. तो परत आला तेव्हा सवलतीच्या त्या हिशोबाबद्दल माझ्याशी तासभर बोलला. कामाबद्दल इतके बोलताना मी त्याला त्यापूर्वी ऐकले नव्हते. यामुळे त्याचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. नोकरी बदलण्याचा विचार अजून त्याच्या डोक्यात आहे, फक्त आता तो मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारतो: हे वापरणाऱ्या लोकांना मला भेटता येईल का?

याच्या उलट बाजूचाही अनुभव मी घेतला आहे. एका प्रकाशकाकडे परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांचे काम मी काही काळ करत होते. दर चांगला, पैसे वेळेवर, कामही भरपूर. मी प्रूफ तपासून देई, आणि दुसरे प्रूफ येई त्यात पहिल्यातल्याच चुका जशाच्या तशा असत. पुन्हा खुणा करून दिल्या तरी छापील पुस्तकात त्या कायम. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘मॅडम, बाजारात पुस्तक आधी गेलं पाहिजे, बाकी मुलं सांभाळून घेतात.’ म्हणजे माझे काम पुढच्या हातापर्यंत पोचतच नव्हते. ज्या मुलांना ते हवे होते त्यांच्यापर्यंत चुकीची सनावळी जात होती आणि मला मात्र तपासल्याचे पैसे मिळत होते. तेच टेबल, तीच पेन्सिल, आणि मोबदला इतरांपेक्षा जास्त. तरी माझ्या सबंध नोकरीत मी सर्वांत थकले ती त्या काळात. ते काम मी सोडले. आर्थिकदृष्ट्या ते मला जड गेले, पण त्या निर्णयाबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. काम मनापासून करावे हे खरे असले, तरी ज्या व्यवस्थेला ते नकोच आहे तिथे मन ओतत राहणे हा स्वतःवरचा अन्याय आहे.

आणि मोबदल्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण कामाच्या अर्थाची भाषा पैशाचा प्रश्न बाजूला सारण्यासाठी फार सोयीची ठरते. आशा सेविकांचे उदाहरण सगळ्यांच्या समोर आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून गरोदर बायकांची नोंद, बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवणे, लसीकरण, नवजात बाळाच्या घरी भेटी अशी कामे या बायका करत आल्या आहेत. करोनाच्या साथीत त्या दारोदार फिरल्या. आपल्या कामाचे दुसरे टोक त्यांना जितके जवळून दिसते तितके क्वचितच कोणाला दिसत असेल. ते त्यांच्या मांडीवर असते. पण त्यांना वेतन मिळत नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो, आणि त्यात वाढ व्हावी म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा आझाद मैदानात येऊन बसावे लागले आहे. पुण्यकर्म करता आहात, मग पैशाचे काय घेऊन बसलात, असे त्यांना सुनावणारी माणसे मी ऐकली आहेत. काम अर्थपूर्ण आहे म्हणून ते स्वस्तात मिळावे, असे म्हणणाऱ्याला त्या कामाचा अर्थ कळलेलाच नसतो. आमच्या व्यवसायातही हेच होते. चांगल्या पुस्तकाचे काम आहे, तेव्हा दर थोडा कमी घ्या, असे सांगितले जाते. कागदवाल्याला मात्र हे कोणी सांगत नाही. मी अलीकडे नम्रपणे पण ठामपणे नकार देते, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही तेच सांगते.

या मुलींना मी जे शिकवते त्यातला मोठा भाग त्या जुन्या छापखान्यातलाच आहे, फक्त साधने बदलली आहेत. आता प्रूफ पीडीएफमध्ये येते, खुणा पडद्यावर होतात आणि शब्द तपासणारी आज्ञावली ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका आधीच दाखवते. निंबोळीच्या तक्त्यातले गळलेले शून्य ती दाखवत नाही. जुन्या छापखान्यातल्या त्या शिकवणीत मी माझ्याकडून एका गोष्टीची भर घातली आहे. प्रत्येक पुस्तक संपले, की एक शंकापत्रक तयार करायचे: कोणती नावे कोणत्या रूपात ठेवली आणि का, कोणत्या शंका लेखकाने सोडवल्या, कोणत्या तशाच राहिल्या. ते प्रकाशकाकडे पुस्तकाच्या फाइलीत राहते. पुढची आवृत्ती निघाली, तर तिचे काम माझ्याकडेच येईल असे नसते. ज्याच्याकडे जाईल त्याला सगळे पहिल्यापासून उगाळावे लागू नये, हा हेतू.

एका गावाच्या इतिहासाच्या पुस्तकाचे असे एक पत्रक होते. गावातल्या बारवेच्या जीर्णोद्धाराचे वर्ष पुस्तकात शके १६७८, म्हणजे इ. स. १७६५ असे दिले होते. शकात ७८ मिळवले की १७५६ येते, त्यामुळे दोहोंपैकी एका वर्षातल्या शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झालेली होती. पण कोणत्या, हे पुस्तकावरून ठरवता येत नव्हते, कारण शक १६८७ असता तर १७६५ बरोबर ठरले असते. लेखक पुस्तक छापायला जाण्यापूर्वीच वारले होते. त्यांच्या घरच्यांना विचारून पाहिले, त्यांच्या टिपणांतही तेच आकडे होते. मी आकडे तसेच ठेवले, प्रकाशकाच्या संमतीने तळटीप दिली आणि पत्रकात लिहिले, की शक आणि सन जुळत नाहीत, बारवेवरचा शिलालेख पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

दुसऱ्या आवृत्तीचे काम माझ्याकडे शिकून आता स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका मुलीकडे गेले. तिने पत्रक वाचले आणि एका सुट्टीच्या दिवशी ती सरळ त्या गावी गेली. बारवेच्या पायऱ्यांजवळचा लेख चुन्याने लिंपलेला होता. गावकऱ्यांच्या मदतीने तिने तो हलक्या हाताने धुऊन घेतला, तिरप्या उजेडात त्याचे फोटो काढले आणि अक्षरे लावली. शकाचे शेवटचे दोन आकडे पुसट होते, पण त्यांच्यापुढे ‘धाता नाम संवत्सरे’ ही अक्षरे स्वच्छ होती. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १६७८ ला धाता येतो. १६८७ ला पार्थिव आला असता. म्हणजे पुस्तकातला शक बरोबर होता आणि सनाच्या आकड्यांची अदलाबदल झाली होती. महिन्याचे नाव मात्र दगडाचा कपचा उडाल्यामुळे गेले आहे, आणि माघ-फाल्गुनासारखा महिना असेल तर इंग्रजी वर्ष पुढचे येते, म्हणून तिने नव्या आवृत्तीत इ. स. १७५६-५७ असे छापायला लावले. तिच्या पत्रकात लेखाचा फोटो आहे, वाचन आहे आणि महिन्याच्या जागी प्रश्नचिन्ह आहे.